‘व्यसन’ कोणी खोडलं?

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. बॅग भरून मी खुर्चीतून उठतच होतो, तेवढ्यात क्लायंट सर्व्हिसिंगमधल्या मुलीचा मेल आला. विषय: ‘मराठी फायनल, एक छोटा बदल’. ऑनलाइन रमीच्या एका अ‍ॅपची वीस सेकंदांची जाहिरात होती. मूळ हिंदी, तिचं मराठी मी केलं होतं. बदल एकाच शब्दाचा होता, तोही शेवटी वाचायच्या इशाऱ्यातला. मी लिहिलं होतं, ‘या खेळात आर्थिक जोखीम आहे आणि याचं व्यसन लागू शकतं.’ हवं होतं, ‘याची सवय लागू शकते.’

मी ‘ओके’ असं उत्तर पाठवलं आणि लोकल पकडली. ही २०२२ सालची गोष्ट.

त्या इशाऱ्याची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. जाहिरात उद्योगाने १९८५ साली स्वतःवर नजर ठेवण्यासाठी एक संस्था काढली, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया. सगळे तिला ‘आस्की’ म्हणतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी तिने १५ डिसेंबर २०२०पासून नियम लागू केले. अठरा वर्षांखालचं कोणी खेळताना दाखवायचं नाही. हा खेळ म्हणजे कमाईचा मार्ग किंवा नोकरीला पर्याय आहे असं सुचवायचं नाही. आर्थिक जोखमीचा आणि व्यसनाचा इशारा द्यायचा, आणि तो जाहिरातीच्या भाषेतच द्यायचा. व्हिडिओत तो नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने वाचायचा. हे सगळे नियम आम्ही पाळले. मूळ इंग्रजी इशाऱ्यात ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ असा शब्द आहे. हिंदीत त्याची ‘आदत’ झाली आणि मराठीत ‘सवय’. नियम मोडल्याची तक्रार कोणी करू शकलं नसतं.

पण मराठी येणाऱ्या कोणालाही दोन्ही शब्दांतलं अंतर कळतं. सवय लागते ती चहाची, दुपारी वामकुक्षीची, पहाटे फिरायला जायची. व्यसन लागतं तेव्हा घरातली भांडी विकली जातात. सवयीबद्दल माणूस हसून सांगतो, व्यसनाबद्दल शेजारचे हळू आवाजात बोलतात. एक शब्द बदलला की इशाऱ्यातला इशाराच निघून जातो, आणि तरी वाक्य खोटं ठरत नाही. व्यसन ही एक प्रकारची सवयच असते, नाही का?

पुढच्या वर्षी मावशीचा फोन आला. माझा मावसभाऊ चाकणला एका कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळीत मोबाईलवर रमी खेळता खेळता त्याने पगार घालवला, मग मित्रांकडून उसने घेतले, मग कर्ज देणाऱ्या दोन अ‍ॅपवरून उचलले. वसुलीचे फोन घरी यायला लागले तेव्हा मावशीला कळलं. ती रडत नव्हती. ती मला समजावत होती. म्हणाली, “अरे, पोरगा वाईट नाहीये. व्यसन कसलंच नाही त्याला, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. एवढी त्या मोबाईलची सवय लागलीय, तेवढी सुटली पाहिजे बघ.”

तिने माझाच शब्द मला परत दिला होता.

इथे लगेच एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या जाहिरातीमुळे तो खेळायला लागला असं मी म्हणत नाही. तेव्हा अशी अनेक अ‍ॅप होती, प्रत्येकाच्या जाहिराती होत्या, आणि तो कुठल्या अ‍ॅपवर खेळायचा हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे जास्त खरं. पण त्या फोननंतर एक प्रश्न डोक्यातून जाईना. ‘व्यसन’ खोडलं कोणी?

मी जुने मेल उघडून बसलो. ती साखळी कशी होती हे सांगायचं तर एजन्सीत काम कसं चालतं ते आधी सांगावं लागेल.

क्लायंटच्या कंपनीत एक ब्रँड मॅनेजर असतो. त्याला तीन महिन्यांत अमुक इतके नवे खेळाडू आणायचे असतात. तो एजन्सीला ‘ब्रीफ’ देतो, म्हणजे काय सांगायचं, कोणाला सांगायचं, किती पैशांत. ते ब्रीफ घेतं क्लायंट सर्व्हिसिंग. या मंडळींचं काम दोन्हीकडचं: क्लायंटचं म्हणणं एजन्सीला सांगायचं आणि एजन्सीचं क्लायंटला. मग प्लॅनर येतो. लोक काय विचार करतात, कशाला भुलतात, कशाला घाबरतात, हे तो शोधतो. त्यानंतर क्रिएटिव्हची जोडी, एक शब्दांचा माणूस आणि एक चित्रांचा. त्यांनी रचलेली जाहिरात प्रॉडक्शन हाउस चित्रित करतं. हिंदीतली पक्की झाली की ती भाषांच्या टेबलावर येते. तिथे मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ लिहिणारे आम्ही बसलेलो असतो. आम्हाला वाक्य बदलता येतं, कल्पना नाही. सेकंद मोजून दिलेले असतात, कारण नटाचे ओठ हिंदीत हललेले असतात.

जाहिरात कुठे, कधी, कोणाला दाखवायची हे तर आता एजन्सीतही ठरत नाही. पूर्वी हे काम त्याच छपराखाली चालायचं. मग ते वेगळं काढायची पद्धत पडली. १९९७ साली डब्ल्यूपीपी या समूहाने जे. वॉल्टर थॉम्पसन आणि ओगिल्व्ही या आपल्या दोन एजन्सींचे माध्यम विभाग एकत्र करून ‘माइंडशेअर’ नावाची निराळी कंपनीच उभी केली. गंमत म्हणजे डब्ल्यूपीपी ही मुळात तारेच्या जाळीच्या टोपल्या बनवणारी कंपनी, ‘वायर अँड प्लास्टिक प्रॉडक्ट्स’. मार्टिन सोरेल यांनी १९८५ साली तिच्यात गुंतवणूक केली आणि पुढच्या चारच वर्षांत या दोन मोठ्या एजन्सी तिच्या पोटात आल्या. आता त्यावर मोबाईलचा थर चढलाय. माध्यम कंपनीसुद्धा फक्त पैसे आणि निकष भरते. कोणाच्या पडद्यावर काय झळकेल याचा लिलाव यंत्र करतं, एका क्षणात. ज्याने एकदा बोट लावलं त्याला ती जाहिरात पुन्हा दिसते.

तर माझी मेलची साखळी. ब्रँड मॅनेजरने कुठेच ‘व्यसन काढा’ असं लिहिलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, ‘मराठी इशारा हिंदीशी जुळवून घ्या.’ सगळ्या भाषांत एकसारखेपणा हवा, हे म्हणणं वावगं नाही. सर्व्हिसिंगच्या मुलीने ते जसंच्या तसं पुढे पाठवलं. ते तिचं कामच होतं. हिंदी कॉपीरायटरने ‘आदत’ लिहिलं, कारण बाकीच्या कंपन्यांच्या जाहिरातींत तेच असायचं. कायदा बघणाऱ्या विभागाने नियमाशी पडताळून पाहिलं. त्यांच्यात मराठी जाणणारं कोणी नव्हतं. यंत्राला तर भाषाच नव्हती. त्या साखळीत मराठीतलं ‘व्यसन’ आणि ‘सवय’ यांचं अंतर खऱ्या अर्थाने माहीत असलेला माणूस एकच होता. त्याचं उत्तर सगळ्यात लहान होतं. ‘ओके.’

राजकीय विचारवंत डेनिस थॉम्पसन यांनी १९८०च्या सुमारास या कोड्याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ असं नाव दिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर सरकारी कारभार होता. निर्णय इतक्या टेबलांवरून जातो की शेवटी तो कोणाचा हे सांगता येत नाही. प्रत्येक जण थोडासा ढकलतो आणि गाडी दरीत जाते.

हे कोडं आपल्याला नवीन नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. वाटमारी करायची, माणूस मारला की रांजणात एक खडा टाकायचा. नारदाने त्याला विचारलं, हे पाप ज्यांच्यासाठी करतोस ते त्यात वाटेकरी होतील का? वाल्या घरी गेला. बायकापोरं म्हणाली, आम्हाला पोसणं हे तुझं काम, तू ते कसं करतोस ते तुझं तू बघ. लुटीत वाटा, पापात नाही. तिथून वाल्या बदलतो.

मी ही गोष्ट आमच्या ऑफिसला लावून पाहिली आणि ती बसेना. कारण आमच्या मजल्यावर सगळेच वाल्याचे घरचे होते. प्रत्येकाचं घर त्या पैशावर चालत होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून म्हणत होता, ते तुझं तू बघ. वाल्या मात्र कोणीच नव्हता. रांजण भरत होते आणि खडा टाकणारा हात सापडत नव्हता.

यावर आमच्या धंद्यात एक ठरलेलं उत्तर आहे: काम इतकं विभागलेलं असतं की जबाबदारी निश्चित करताच येत नाही. मी बराच काळ ते मान्य करत होतो. मग लक्षात आलं की हाच धंदा इतर तीन बाबतीत जबाबदारी अगदी काटेकोर निश्चित करतो.

पहिली बाब पैशाची. जाहिरात एजन्सी मुळात कोणाची मध्यस्थ? अमेरिकेत फिलाडेल्फियात १८४०च्या दशकात व्होल्नी पामर वर्तमानपत्रांची जागा विकायचा आणि कमिशन वर्तमानपत्राकडून घ्यायचा. म्हणजे तो पेपरचा माणूस. त्याच शहरात एन. डब्ल्यू. एयर या एजन्सीने १८७०च्या दशकात जाहिरातदाराशी उघड करार करायची पद्धत आणली आणि मध्यस्थ जाहिरातदाराच्या बाजूला सरकला. भारतातही वर्तमानपत्रं एजन्सीला पंधरा टक्के कमिशन देत आली, पण त्यासाठी इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता लागते आणि तिच्यासोबत एक बंधन येतं: पेपरचं बिल भरायची जबाबदारी एजन्सीची. ‘क्लायंटने दिले नाहीत, आम्ही काय करणार’ हे तिथे चालत नाही. पैशाच्या व्यवहारात ‘आम्ही फक्त मधले’ म्हणता येत नाही. मग शब्दांच्या व्यवहारात कसं म्हणता येतं?

दुसरी बाब श्रेयाची. दर वर्षी गोवाफेस्टला अ‍ॅबी पुरस्कार वाटले जातात. त्यासाठी जाहिरात पाठवताना सोबत नावांची यादी जाते: कल्पना कोणाची, शब्द कोणाचे, चित्र कोणाचं, क्लायंट कोणी सांभाळला. त्या यादीत नाव राहिलं म्हणून माणसं एकमेकांशी वर्षभर बोलत नाहीत. पोलिओच्या ‘दो बूँद ज़िंदगी की’ या मोहिमेमागे पीयूष पांडे होते हे आपल्याला माहीत आहे, आणि ते माहीत असायलाच हवं. म्हणजे चांगल्या जाहिरातीला कर्ता असतो. वाईट जाहिरात तेवढी आपोआप होते.

तिसरी बाब नकाराची. ‘क्लायंटला नाही कसं म्हणणार’ असं आम्ही नेहमी म्हणतो. पण एका साबणाचं काम हातात असताना स्पर्धक साबण आला, तर एजन्सी त्याला नाही म्हणते. हा या धंद्याचा जुना संकेत आहे. लाखोंचं काम त्यासाठी सोडलं जातं. म्हणजे नाही म्हणायची कला एजन्सीला येते. तिची कारणं तेवढी ठरलेली आहेत.

या तिन्ही गोष्टी जुळवल्या तर काय उरतं? जबाबदारी मुळात विरघळणारी नाही. तिला विरघळू दिलं जातं, आणि तेही फक्त एका ठिकाणी: जिथे ती वाचणाऱ्या-बघणाऱ्या माणसाबद्दल असते.

आता दुसऱ्या बाजूची वाक्यं. त्यातली काही वजनदार आहेत.

एक: ‘एजन्सी म्हणजे वकील. अशिलाची बाजू मांडणं हे तिचं काम.’ ऐकायला चांगलं वाटतं. पण कोर्टात समोर दुसरा वकील असतो आणि मध्ये न्यायाधीश. रात्री दीड वाजता रात्रपाळीत मोबाईल हातात धरलेल्या माणसाच्या बाजूने कोण उभं असतं? त्या वीस सेकंदांत त्याची बाजू घेणारं एकच वाक्य होतं, तो इशारा. आणि तोही त्याच्या विरुद्ध बाजूच्या वकिलानेच लिहिलेला होता.

दोन: ‘कायद्यात बसतं ना?’ तेव्हा बसत होतं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हटलं होतं आणि सगळा धंदा त्यावर उभा होता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये आला, त्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलचे २०२२चे नियम आले, आणि त्यांत एजन्सीचाही स्पष्ट उल्लेख आहे. पण ‘सवय’ या शब्दावर कोणता नियम बोट ठेवणार? मग ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. आता अशी जाहिरात करणं हाच गुन्हा, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. कायदा एका आठवड्यात उलटला. माझं वाक्य मात्र २०२२मध्ये होतं तसंच आहे. ते तेव्हा बरोबर होतं आणि नंतर चूक झालं असं मला म्हणता येत नाही. कायद्याने फक्त शिक्षा ठरवली. वाक्याचा परिणाम आधीपासून तोच होता.

तीन, सगळ्यात जड: ‘तू नाही लिहिलंस तर दुसरा लिहील.’ हे खरंच आहे. मी अडून बसलो असतो तर दहा मिनिटांत दुसऱ्या कोणाकडून ‘सवय’ लिहून घेतलं गेलं असतं. मावसभावाच्या आयुष्यात काडीचा फरक पडला नसता.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ साली याच धर्तीचं उदाहरण रचलं होतं. जॉर्ज नावाचा रसायनशास्त्रज्ञ. नोकरी नाही, घरी लहान मुलं. त्याला रासायनिक शस्त्रांच्या प्रयोगशाळेत काम मिळतंय. त्याने नाकारलं तर त्या जागी येणारा माणूस जास्त उत्साहाने शस्त्रं बनवेल. नुसता हिशोब मांडला तर जॉर्जने नोकरी घ्यावी. विल्यम्सचं म्हणणं असं, की या हिशोबात एक गोष्ट सुटते: जगात काय घडतं एवढाच प्रश्न नसतो, त्यातलं मी काय करतो हाही असतो. माझ्या हातून होणारी गोष्ट आणि दुसऱ्याच्या हातून होणारी गोष्ट मला सारखीच वाटायला लागली, तर ‘मी’ म्हणून काही उरतच नाही. मीही त्या लिलावाच्या यंत्राचा एक भाग होतो.

असं खरंच वागलेला माणूस जाहिरातीच्या इतिहासात आहे. एमर्सन फूट हे अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’ सिगारेटच्या जाहिराती करून मोठे झाले. पुढे ते मॅककॅन-एरिक्सन या बलाढ्य एजन्सीचे अध्यक्ष झाले. १९६४ साली, धूम्रपानाने कर्करोग होतो असं सांगणारा अमेरिकी सर्जन जनरलचा अहवाल आला त्याच वर्षी, सिगारेटच्या जाहिरातींशी संबंध नको म्हणून त्यांनी ते पद सोडलं आणि नंतर धूम्रपानाविरुद्ध काम केलं. त्यामुळे सिगारेट विकणं थांबलं नाही. पण ‘सगळेच करतात’ या वाक्याला त्यांनी कायमचं भोक पाडलं. सगळे करत नव्हते.

मी काही फूट नाही. ते अध्यक्ष होते, मला डोंबिवलीचं घरभाडं होतं. या अंतराकडे काणाडोळा करून लिहिलेलं नीतिशास्त्र मला पटत नाही. सगळ्यात खालच्या टेबलावरच्या माणसाने राजीनामा द्यावा आणि वरच्यांनी पुरस्कार घ्यावेत, हा काही न्याय नव्हे. ज्याच्या हातात जितकं बदलण्याची ताकद, तितका त्याच्यावर भार, हे मला मान्य आहे.

पण इथेच आपण एक चूक करतो. जबाबदारी भाकरीसारखी आहे असं धरून चालतो. दहा जणांत वाटली की प्रत्येकाला चतकोरही येत नाही, आणि मग तो कोरही आपण ताटाखाली सरकवतो. जबाबदारी तशी वाटली जात नाही. दहा जणांनी मिळून एकाला विहिरीत ढकललं, तर प्रत्येकाने त्याला एक दशांश ढकललं असं होत नाही. भार कमीजास्त असेल, पण तो दुसऱ्याने उचलला म्हणून माझा हलका होत नाही. वाल्याला घरी जाऊन जे कळलं ते हेच.

माझ्या हातात राजीनामा नव्हता. माझ्या हातात काय होतं? एक मेल. ‘मराठीत ‘सवय’ म्हटलं तर इशारा राहत नाही, ‘व्यसन’ हाच बरोबर शब्द आहे, बदलायचा असेल तर कोण सांगतंय ते कृपया नावानिशी लिहा.’ तीन ओळी. नोकरी गेली नसती. कदाचित शब्दही वाचला नसता. पण खोडणाऱ्या हाताला नाव मिळालं असतं आणि मग त्या नावाला दोनदा विचार करावा लागला असता. आपल्या हातातली ताकद नेमकी किती, हे मी मोजलंच नव्हतं. ती शून्य आहे असं धरून चाललो होतो, कारण ते सोयीचं होतं.

आता मी असे मेल लिहितो. बढाई मारण्यासारखं त्यात काही नाही. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘क्लायंट ऐकत नाहीये, जाऊ दे.’ दोनदा शब्द वाचले. एकदा कर्जाच्या जाहिरातीतली ‘फक्त’ गेली, एकदा औषधी तेलाच्या जाहिरातीतलं ‘कायमचं’ गेलं. एकदा मला त्या कामावरून काढून दुसऱ्याला दिलं. त्याने पहिल्याच दिवशी ‘ओके’ लिहिलं असणार. मला त्याचा राग येत नाही.

मावसभाऊ अजून हप्ते फेडतोय. गेल्या दिवाळीत भेटला. कारखान्याबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. निघताना तो हसत म्हणाला, “दादा, तू त्या जाहिरातींचं मराठी लिहितोस ना? शेवटी भराभर काहीतरी वाचतात, ते पण तूच लिहितोस का?”

मी हो म्हणालो.

“काय असतं रे त्यात? मी कधी ऐकलंच नाही नीट.”

मी त्याला वाक्य म्हणून दाखवलं. सावकाश, आणि ‘व्यसन’ या शब्दासकट. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “असं नव्हतं म्हणत ते.”

“नाही,” मी म्हणालो. “मी बदलू दिलं.”